हृदयस्नायूंचे पुनर्जनन

इजा होऊन मेलेल्या हृदयस्नायूच्या जागी नवा, आकुंचन पावणारा स्नायू तयार होण्याची क्रिया. झेब्राफिश हा छोटा मासा, न्यूट व ॲक्सोलॉटल हे शेपटीवाले उभयचर अशा काही प्राण्यांत ही क्षमता प्रौढपणीही टिकून असते. माणसासह प्रौढ सस्तन प्राण्यांत ती जवळजवळ नसते. हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात माणसाच्या सुमारे 100 कोटी हृदयस्नायुपेशी मरू शकतात आणि त्या जागी कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचा वण धरतो. वणामुळे हृदयाची भिंत फुटत नाही, पण तो आकुंचन पावत नाही. सगळा भार उरलेल्या स्नायूवर येतो.

झेब्राफिशच्या निलयाचा (हृदयातून रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याचा) सुमारे 20 टक्के भाग कापला, तरी साधारण 2 महिन्यांत तो भरून येतो, हे 2002 मध्ये दिसून आले. आधी रक्ताची गुठळी जखम बुजवते, मग तिथे फायब्रिन हे गुठळीतले तंतुमय प्रथिन साचते आणि हळूहळू त्याची जागा स्नायू घेतो. हा नवा स्नायू मूलपेशींपासून येत असावा, असा एक तर्क होता. 2010 मध्ये पेशींवर जनुकीय खूण करून केलेल्या प्रयोगांनी तो खोडला. जखमेजवळच्या जुन्या स्नायुपेशीच विभागतात. त्यासाठी पेशी आपले आकुंचनाचे तंतू काही अंशी मोडते, अपक्व अवस्थेकडे परतते, विभागते आणि पुन्हा तंतू उभारते. या माशात वण कधीच होत नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. हृदयाचा भाग गोठवून इजा केली तर वण होतो, फक्त पुढे तो विरत जातो.

सस्तन प्राण्यांत ही क्षमता मुळातच नसते, असेही नाही. एका दिवसाच्या उंदराच्या हृदयाचे टोक कापल्यास सुमारे 3 आठवड्यांत ते पुन्हा वाढते. 7 दिवसांच्या उंदरात तिथे वण होतो (2011). या आठवड्याभरात बरेच काही घडते. श्वास सुरू होताच पेशींना भरपूर ऑक्सिजन मिळू लागतो, इंधन म्हणून ग्लुकोजऐवजी मेदाम्ले वापरली जातात आणि ऑक्सिजनच्या क्रियाशील रूपांमुळे डीएनएला इजा होते. पेशी डीएनएची प्रत काढते, पण दुभंगत नाही. त्यामुळे उंदराच्या बहुतेक हृदयस्नायुपेशींत दोन केंद्रके राहतात, तर माणसात अनेक केंद्रकांत गुणसूत्रांचे जादा संच साठतात. अशा पेशी सहसा पुन्हा विभागत नाहीत. यामागे शरीरातील उष्णतानिर्मिती वाढवणाऱ्या थायरॉइड संप्रेरकाचाही हात आहे. ते जादा दिल्यास झेब्राफिशचेही पुनर्जनन मंदावते. शरीर उबदार ठेवण्यासाठी मोजलेली ही किंमत असावी, असे एक गृहीतक त्यावरून मांडले गेले आहे.

तरीही ‘थंड रक्ताचे ते सक्षम, उष्ण रक्ताचे ते अक्षम’ ही विभागणी टिकत नाही. मेडाका हा मासाच, पण त्याच्या हृदयाला वण होतो. त्याच्या जखमेत महाभक्षक पेशी (मृत पेशी गिळणाऱ्या प्रतिकारपेशी) उशिरा पोहोचतात. विषाणूचा भास निर्माण करणारे द्रव्य टोचून त्यांना लवकर आणले, तेव्हा भरपाई सुधारली. मेक्सिकोतील ॲस्टियानॅक्स माशाचे उदाहरण तर सर्वांत बोलके. नदीत राहणारे मासे हृदय पुन्हा घडवतात. पॅचॉन गुहेतील त्याच जातीच्या आंधळ्या माशांना वण होतो. एकाच जातीत हा फरक आढळल्याने त्यामागची जनुके संकर करून शोधता येतात.

माणसाचा हिशेब अणुचाचण्यांमुळे लागला. 1950–60 च्या दशकांत वातावरणात वाढलेला कार्बन-14 (कार्बनचे किरणोत्सारी रूप) पेशींच्या डीएनएत उतरला आणि त्यावरून पेशींचे वय काढता आले. पंचविशीत वर्षाला सुमारे 1 टक्का, तर पंचाहत्तरीत 0.45 टक्के हृदयस्नायुपेशी नव्याने येतात (2009). झटक्यातील हानी भरून काढायला हा वेग अगदीच अपुरा आहे.

तो वाढवण्याचे प्रयत्न चालू आहेत. 2019 मध्ये डुकरांच्या हृदयात विभाजनाला चालना देणारा सूक्ष्म-आरएनए (जनुकांचे काम नियंत्रित करणारा आरएनएचा छोटा तुकडा) सोडण्यात आला. स्नायू वाढला, वण आक्रसला. पण विभाजन आवरता न आल्याने बहुतेक डुकरे पुढे हृदयाची लय बिघडून दगावली. झेब्राफिशमध्ये मात्र जखम भरली की विभाजन आपोआप ओसरते.