चिपला ‘हीट मारून’ लॅपटॉप बरा का होतो, आणि पुन्हा का बिघडतो

पडद्यावर रंगीत रेघा, चौकटीचौकटींची नक्षी, मग सगळं गोठतं आणि लॅपटॉप आपणहून रीस्टार्ट होतो. दुकानात नेला की ठरलेलं निदान: ‘चिप गेलीय, हीट मारून देतो,’ म्हणजे चिप तापवून देतो. मग काही आठवडे लॅपटॉप झकास चालतो आणि पुन्हा त्याच रेघा. दुरुस्तीवाला दरवेळी गंडवतोच असं नाही. निदान बरोबर असू शकतं, उपाय मात्र टिकत नाही.

पण चिप खरंच गेलीय का, हे आधी घरीच बरंचसं कळतं. ग्राफिक्स चिप, म्हणजे जीपीयू, चित्र तयार करून मेमरीत ठेवते. तिथून ते बिजागरीतून जाणाऱ्या बारीक केबलने पॅनेलपर्यंत, म्हणजे पडद्यापर्यंत पोचतं. रेघा दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर उघडून पाहा. स्क्रीनशॉट मेमरीतल्या चित्राचा निघतो, पॅनेलचा नाही. तो स्वच्छ असेल तर दोष बहुधा केबलचा किंवा पॅनेलचा. झाकण मागेपुढे करताना रेघा कमीजास्त झाल्या तर केबलच. उलट एचडीएमआयने टीव्हीला जोडल्यावर तिथेही तीच नक्षी उमटली, तर केबल आणि पॅनेल दोन्ही निर्दोष. आणि बायॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावरच चित्र विस्कटत असेल, तर विंडोजचा ड्रायव्हर बदलण्यात वेळ घालवू नका. तो तेव्हा सुरूच झालेला नसतो.

नुसतं पॅनेल खराब झालं म्हणून लॅपटॉप सहसा रीस्टार्ट होत नाही. दोन्ही लक्षणं एकत्र दिसली की संशय ड्रायव्हर, रॅम, उष्णता किंवा जीपीयूवर जातो. यातली रॅम बिचारी नेहमी नजरेतून सुटते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये चित्रसुद्धा मुख्य रॅममध्येच ठेवलं जातं. म्हणजे रॅममध्ये एक खराब जागा असली, तर तिथे कधी चित्राचा तुकडा येऊन रेघ दिसते, कधी विंडोजचा महत्त्वाचा डेटा येऊन सगळंच कोसळतं. दोन रॅम असतील तर एकेक काढून चालवून पाहा, किंवा मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर लावून ठेवा. मदरबोर्डच्या खर्चाला हो म्हणण्याआधी एवढं कराच.

रीस्टार्टचंही कारण शोधता येतं. विंडोज जीपीयूवर पहारा ठेवते. दिलेलं काम अडकून साधारण २ सेकंद उत्तर आलं नाही, तर ती चिप आणि ड्रायव्हर नव्याने सुरू करून पाहते; पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो तो यामुळे. तेही जमलं नाही तर ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ म्हणत निळा पडदा येतो आणि मशीन रीस्टार्ट होतं. हा पडदा वाचण्याआधीच निघून जात असेल, तर सिस्टीमच्या सेटिंगमधला आपोआप रीस्टार्टचा पर्याय बंद करा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसल्यावर लोक लगेच चार्जरला दोष देतात. खरं तर ती नोंद फक्त एवढंच सांगते, की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं.

आता चिपकडे. जीपीयूचा सिलिकॉनचा तुकडा एका छोट्या पाटीवर असंख्य सूक्ष्म सोल्डर-टेकूंवर बसवलेला असतो. एकेक टेकू साधारण १०० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. ती पाटी त्याहून मोठ्या सोल्डरच्या गोळ्यांनी मदरबोर्डला जोडलेली असते. तापल्यावर सिलिकॉन दर अंशाला दहा लाखांत सुमारे ३ भाग प्रसरण पावतं, खालची पाटी मात्र १५च्या आसपास. गेम लावला, तापमान ६० अंशांनी चढलं, की २० मिलिमीटर रुंद चिपच्या कडेला दोघांच्या वाढीत सात मायक्रॉनच्या आसपास फरक पडू पाहतो. मधला चिकट भराव हा ताण बराचसा वाटून घेतो, पण उरलेला टेकूंनाच सोसावा लागतो. गेम बंद केला की सगळं मागे. तार वारंवार वाकवली की तुटते, तसंच हे: धातूला थकवा येतो आणि कडेच्या टेकूंत भेग पडते. तापमानानुसार ती भेग मिटते-उघडते, म्हणून बिघाडही लहरी.

हे मोठ्या प्रमाणावर घडलेलं आहे. जुलै २००८मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपच्या काही चिप्समध्ये डाय (म्हणजे सिलिकॉनचा तुकडा) आणि पॅकेजिंगचं साहित्य कमजोर निघाल्याचं जाहीर करून १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली. फेब्रुवारी २०१५मध्ये ॲपलने २०११ ते २०१३च्या काही मॅकबुक प्रोसाठी मोफत दुरुस्ती जाहीर केली. त्यातली लक्षणं हीच, विस्कटलेलं चित्र आणि अचानक रीस्टार्ट.

मग हीट मारल्यावर काय होतं? शिसंविरहित सोल्डर साधारण २१७ अंशांना वितळू लागतं. खालच्या गोळ्यांत भेग असेल आणि तिथवर नीट उष्णता पोचली, तर जोड खरोखर सांधू शकतो. पण दोष बऱ्याचदा वरच्या टेकूंत असतो, आणि ते जास्त शिशाच्या सोल्डरचे असतील तर ३०० अंशांच्या आत वितळतच नाहीत. तापून सगळं थोडं हलतं, तुटलेली टोकं एकमेकांना टेकतात, एवढंच. ‘रीबॉलिंग’मध्ये बदलतात तेही खालचेच गोळे. चिपच्या आतला दोष तसाच राहतो आणि महागडं बिल हाती येतं. यूट्यूब पाहून मदरबोर्ड ओव्हनमध्ये भाजणाऱ्यांबद्दल काय बोलावं! निदान ज्यात जेवण शिजतं तो ओव्हन तरी वापरू नका.

टिकाऊ उपाय म्हणजे नवी चिप किंवा नवा बोर्ड. ज्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात, त्यात आणखी एक वाट आहे: आजारी चिपला कामच द्यायचं नाही. २०११च्या मॅकबुक प्रोवाल्या कित्येकांनी फर्मवेअरमधली, म्हणजे मशीनच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमधली एक नोंद बदलून मशीन कायमचं इंटेलच्या ग्राफिक्सवर नेलं. वेग घटला, पण मशीन चालत राहिलं. बाहेरचा मॉनिटर मात्र गेला, कारण त्याची जोडणी त्या आजारी, एएमडीच्या चिपमधूनच होती.