केंद्र-घटकराज्य संघर्ष

संघराज्यात एकाच प्रदेशावर आणि एकाच नागरिकावर दोन सरकारांचा अंमल चालतो, आणि दोघांचेही अधिकार संविधानातून आलेले असतात. घटकराज्य हे केंद्राचे दुय्यम कार्यालय नसते. त्याला केंद्राला ‘नाही’ म्हणता येते, आणि या व्यवस्थेतल्या बहुतेक तंट्यांचे मूळ तिथेच आहे.

अधिकारांची वाटणी करताना विषयांच्या याद्या केल्या, तरी यादीत न बसणारे विषय पुढे निघतच राहतात. हे शेषाधिकार अमेरिकेत 1791 च्या दहाव्या दुरुस्तीने राज्यांकडे किंवा लोकांकडे ठेवले. कॅनडा आणि भारताने ते केंद्राला दिले. मात्र केवळ कलमे वाचून केंद्र किती बलवान आहे याचा अंदाज बांधला तर तो हमखास चुकतो. खरी रस्सीखेच पैशांवरून असते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. तेथे उत्पन्नकर केंद्र आणि राज्ये दोघेही घेत. 1942 मध्ये युद्धाच्या खर्चासाठी केंद्राने आपला दर इतका चढवला की राज्यांना वर आणखी कर लावायला जागाच उरली नाही. जे राज्य हा कर सोडील त्यालाच भरपाईचे अनुदान, अशी अटही घातली. राज्यांचा अधिकार कोणी काढून घेतला नव्हता; तो वापरणे तेवढे परवडेनासे झाले. चार राज्ये उच्च न्यायालयात गेली आणि हरली. युद्ध संपले, पण उत्पन्नकर केंद्राकडेच राहिला. संविधानाचा एक शब्दही न बदलता सत्तेचा तोल सरकला. शाळा, रुग्णालये, पोलीस चालवायचे राज्यांनी आणि निधीसाठी हात पसरायचा केंद्रापुढे, ही तक्रार आज बहुतेक संघराज्यांत ऐकू येते.

भारतात वस्तू व सेवा कर परिषदेत मतांचे एकतृतीयांश वजन केंद्राचे, दोनतृतीयांश सर्व राज्यांचे मिळून, आणि निर्णयाला तीनचतुर्थांश बहुमत लागते. म्हणजे सगळी राज्ये एक झाली तरी केंद्राच्या संमतीवाचून काही मंजूर होत नाही. परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले.

पैशांचा वाद निदान वाटाघाटीने मिटू शकतो. हुकूम कोणाचा चालणार, हा वाद अधिक अवघड. 1957 मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सॉ राज्याच्या गव्हर्नरने लिटल रॉकच्या गोऱ्यांच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना रोखण्यासाठी नॅशनल गार्ड हे राज्याचे सशस्त्र दल उभे केले. त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ते दल केंद्राच्या ताब्यात घेतले आणि लष्कराची तुकडीही पाठवली. ज्या दलाने मुलांची वाट अडवली होती, तेच आता त्यांच्या संरक्षणाला होते. राज्यांची स्वायत्तता ही नेहमी दुर्बलांच्या बाजूची असते असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर आठवावा. उलट, भारतात राष्ट्रपती राजवटीच्या 356 व्या कलमाखाली राज्य सरकारे इतक्या सहजपणे बरखास्त होत की 1994 च्या बोम्मई निकालाने न्यायालयाला त्यावर लगाम घालावा लागला.

भाषा किंवा वंश वेगळा असेल तर गाऱ्हाण्यांची मजल फुटून निघण्याच्या मागणीपर्यंत जाते. कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतात 1995 च्या सार्वमतात वेगळे न होण्याच्या बाजूने 50.58 टक्के मते पडली. तीन वर्षांनी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना बांधून घातले: प्रांताला एकतर्फी बाहेर पडता येणार नाही, पण स्पष्ट प्रश्नाला स्पष्ट बहुमत मिळाले, तर उरलेल्या देशाला वाटाघाटी टाळता येणार नाहीत. स्पेन नावाने संघराज्य नाही, तरी तिथलाही पेच याच जातीचा. 2017 मध्ये कॅटलोनियाने न्यायालयाची मनाई डावलून सार्वमत घेतले आणि केंद्राने 155 वे कलम लावून तिथला कारभार हाती घेतला. इथिओपियाच्या 1995 च्या संविधानात तर विभक्त होण्याचा हक्क सरळ लिहिलेला आहे. तरीही 2020 मध्ये तिथल्या टिग्रे या घटकराज्याने केंद्राला न जुमानता निवडणूक घेतली आणि दोन महिन्यांत युद्ध पेटले.

एक प्रकार याच्या अगदी उलटाही घडला आहे. सिंगापूर 1963 मध्ये मलेशियाच्या संघराज्यात सामील झाले. महसुलाचा वाटा, सामाईक बाजारपेठ आणि वांशिक राजकारण यांवरून खटके उडत गेले, आणि 9 ऑगस्ट 1965 रोजी मलेशियाच्या संसदेने संविधान दुरुस्त करून त्याला संघराज्यातून वेगळे काढले.