प्लगला ठिणगी दिसली, म्हणजे करंट ठीक?

जुनी टू-स्ट्रोक स्कूटर किका मारून दमलो तरी चालू होत नाही. मग स्पार्क प्लग काढून हेडला, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या धातूच्या झाकणाला, टेकवायचा, किक मारायची आणि ठिणगी दिसली की ‘करंट आहे, कार्बोरेटर खोला’! वर्षानुवर्षं चालत आलेली ही समजूत अर्धीच खरी आहे.

उघड्या हवेत प्लगच्या टोकाची ०.६ मिलिमीटरची फट ओलांडायला दोन-तीन हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये पिस्टन वर येताना मिश्रण दाबलं जातं आणि त्याच फटीला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. बाहेर कशीबशी उडणारी ठिणगी आत उडेलच असं नाही.

म्हणून ठिणगीचा जोर बघा. निळसर, चट्‌ आवाज करणारी असेल तर उत्तम. बारीक, पिवळट असेल तर आधी नवा प्लग लावून पाहा, मग मॅग्नेटच्या (करंट तयार करणाऱ्या फिरत्या चाकाच्या) खिडकीतून पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे दोन संपर्क, तपासा. तोंडं जळून काळी पडली असतील, एकीवर खड्डा आणि दुसरीवर उंचवटा असेल, तर संशय कंडेन्सरवर (पॉइंट उघडताना तिथे ठिणगी उडू न देणाऱ्या भागावर) घ्या. नुसता पॉलिश पेपर मारला तर पॉइंट पुन्हा जळतील. आणि हो, तपासताना प्लग त्याच्या भोकापासून लांब टेकवा. तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते.