वजनाच्या इंजेक्शनांआधीची ऐंशी वर्षे

मार्च २०२५ मध्ये टिरझेपाटाइड आणि जूनमध्ये खास वजनासाठीचे सेमाग्लुटाइड भारतात आले. तेव्हापासून कोल्हापुरातही ‘वजनाच्या इंजेक्शना’ची चौकशी होते. औषध नवे आहे. ते ज्या वाटेने काम करते ती वाट मात्र १९४० पासून शोधली जात होती, आणि त्या वाटेवर बरीच औषधे आपटली.

१९४० मध्ये हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमसचा, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या छोट्या भागाचा, मधला तुकडा निकामी केला. उंदीर फुगत गेले. १९५१ मध्ये येल विद्यापीठात बाल कृष्ण आनंद आणि ब्रोबेक यांनी कडेचा भाग निकामी केला, तर समोर अन्न असूनही उंदीर तोंड लावीनात. आनंद यांनीच पुढे दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचा विभाग उभारला.

१९५६ चा बंगालमधल्या ताग गिरणीतला अभ्यास तालमींच्या गावाने तर वाचायलाच हवा. मेहनतीचे काम करणारे कामगार कामाच्या प्रमाणात खात होते, पण अगदी बैठे काम करणारे हलके काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि वजनानेही भारी होते. हालचाल कमी झाली म्हणून भूक तेवढीच उतरत नाही. आखाडा सुटतो, जोर-बैठका थांबतात, खुराक मात्र चालू राहतो. कट्ट्यावरच्या धारोष्ण म्हशीच्या दुधात लिटरमागे साधारण हजार कॅलरी असतात. रंकाळ्यावर तासभर चालून त्यातल्या अडीचशे-तीनशेच जळतात.

हा हिशेब ठेवतो कोण, ते १९९४ मध्ये कळले. जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन या संप्रेरकाचे जनुक शोधले. चरबीच्या पेशी लेप्टिन सोडतात आणि ते हायपोथॅलॅमसमधल्या दोन पेशीसमूहांपर्यंत पोचते. पहिला समूह न्यूरोपेप्टाइड वाय आणि एजीआरपी सोडतो: खा, खर्च आवर. दुसऱ्याचा अल्फा-एमएसएच हा रेणू एमसी४ ग्राहीवर, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या जागेवर, बसतो: पुरे, खर्च वाढव. लेप्टिन पहिल्याला दाबते, दुसऱ्याला उठवते. डाएटने चरबी घटली की लेप्टिन उतरते, भूक चढते आणि मेंदू सिंपथेटिक (आपोआप काम करणाऱ्या) नसांमार्फत उष्णतेचा खर्चही कमी करतो. ‘कमी खाऊनही वजन अडलंय’ या तक्रारीत त्यामुळे थोडे तथ्य असते. मग लेप्टिनच टोचायचे का? जन्मतः ते नसलेल्या मोजक्या मुलांना त्याने कमालीचा फरक पडला. बाकीच्या लठ्ठ माणसांत ते आधीच भरपूर असते, मेंदू त्याला दाद देत नाही.

औषधे फसली ती दुसऱ्याच कारणाने. मेंदूतले रसायन एकाच जागी चाकरी करत नाही. फेनफ्लुरामिन हे औषध मेंदूतले सेरोटोनिन हे रसायन वाढवायचे. सेरोटोनिन २सी ग्राहीमार्फत ‘पुरे’ म्हणणाऱ्या पेशींना उठवते, म्हणून भूक मरायची. पण २बी ग्राही हृदयाच्या झडपांवरही असतात. झडपा जाड होऊन गळू लागल्या आणि १९९७ मध्ये औषध मागे घेतले गेले. नॉरॲड्रेनालिनही वाढवणाऱ्या सिब्युट्रामिनने रक्तदाब आणि नाडी वाढवली. भारतात त्यावर २०११ मध्ये बंदी आली. रिमोनाबंटने भूक कमी केली, पण मनही खचवले. ते त्याआधीच, २००९ मध्ये बंद झाले.

आजची इंजेक्शने जीएलपी-१ या ‘पुरे’ सांगणाऱ्या संप्रेरकासारखे काम करतात. ते आतड्यात बनते तसे मेंदूच्या देठातही बनते. नैसर्गिक रेणू दोन-तीन मिनिटांत निम्मा होतो. सेमाग्लुटाइडला त्यासाठी आठवडा लागतो, म्हणून आठवड्याला एकच टोचणी. सुरुवात ०.२५ मिलिग्रॅमने, मग दर चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ आणि शेवटी २.४. घाईने पायरी चढवली की मळमळ आणि उलट्या हमखास. या दिवसांत जठर सावकाश रिकामे होते, त्यामुळे तर्रीदार मिसळ नेमकी याच काळात बाधते. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्यांचा डोस डॉक्टरांकडून आधी कमी करून घ्यावा लागतो, नाहीतर साखर झपकन उतरते. प्रथिने आणि वजनाचा व्यायाम नसेल तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. इंजेक्शन बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा सरासरी दोन तृतीयांश भाग परत आल्याचे चाचणीत दिसले. तोवर लेप्टिन उतरलेले असते आणि भुकेला आवरणारे औषधही राहिलेले नसते.