सिमेंटमचे प्रकार आणि मूळ खरवडण्याचा वाद

सिमेंटम म्हणजे दाताच्या मुळावरचा पातळ कठीण थर. त्याच्या प्रकारांची नावे परीक्षेपुरती पाठ केली जातात आणि विसरलीही जातात. त्यांना खरे वजन आले ते दंतवैद्यांच्या एका जुन्या वादामुळे : हिरड्यांच्या आजारात मुळावरचा हा थर खरवडून काढायचा की राखायचा?

आधीचा इतिहास थोडक्यात आटोपता येतो. गाई-घोडे आणि हत्ती यांच्या दातांत सिमेंटम मुकुटावरही, म्हणजे दाताच्या हिरडीबाहेरच्या भागावरही, जाडजूड असते, त्यामुळे प्राण्यांमध्ये ते आधीपासून माहीत होते. माणसाच्या मुळावर ते सूक्ष्मदर्शकातून स्पष्ट दाखवले गेले १८३५ मध्ये. पुढे दीर्घकाळ एकाच खुणेवर भागले : थरात अडकलेल्या पेशी दिसतात की नाही. मानेकडचे, म्हणजे मूळ आणि मुकुट जुळतात तिथले, सिमेंटम पेशीविरहित. मुळाच्या टोकाकडचे आणि दाढेच्या मुळांच्या बेचक्यातले पेशीयुक्त. पहिले आधी बनते म्हणून प्राथमिक, दुसरे नंतरचे म्हणून दुय्यम. पण सूक्ष्मदर्शकासाठी कापलेल्या पातळ चकत्यांमध्ये, म्हणजे छेदांमध्ये, पेशीयुक्त थरावर पुन्हा पेशीविरहित थर चढलेला सर्रास सापडे, आणि मग ‘प्राथमिक’ कशाला म्हणायचे हा प्रश्न उरे.

१९७० च्या दशकात या वर्गीकरणाशी वरकरणी संबंध नसलेली एक गोष्ट घडली. आजारी दातांच्या मुळांवर एंडोटॉक्सिन हे जिवाणूंचे विष सापडले. प्रयोगशाळेत अशा मुळांवर पेशी नीट धरत नव्हत्या. मूळ तासले की धरत होत्या. निष्कर्ष झटपट निघाला : सिमेंटम विषाने मुरले आहे, ते काढलेच पाहिजे. मूळ काचेसारखे गुळगुळीत आणि टणक लागेपर्यंत क्युरेट हे खरवडण्याचे हत्यार चालवायचे, अशी शिकवण रुजली. मानेजवळ हा थर जेमतेम २० ते ५० मायक्रोमीटर, म्हणजे बहुतेकांच्या केसापेक्षाही बारीक. क्युरेटचे थोडे फटकारे आणि तो संपला. खाली उघडे पडते डेंटिन, म्हणजे दाताचा आतला संवेदनशील भाग, आणि मग थंड पाण्याच्या घोटाला रुग्णाच्या डोळ्यांत पाणी येते.

१९८० च्या दशकात उपटलेल्या दातांवर साधी तपासणी झाली. आधी मुळे हलकेच धुतली, मग ब्रशने घासली. एंडोटॉक्सिन जवळजवळ सगळे एवढ्यानेच निघून गेले. ते आत मुरलेले नव्हते, वर चिकटलेले होते. पाठोपाठ रुग्णांवर तुलना झाली : शस्त्रक्रियेत हिरडी उघडून काही दातांचे सिमेंटम तासले, काहींवरचे फक्त कीटण (दातावर साचलेला कठीण थर) काढून पृष्ठभाग पॉलिश केला. हिरड्या दोन्हीकडे सारख्याच सुधारल्या. माझ्या मते खरवडण्याचा आग्रह इथेच सुटायला हवा होता, पण हाताला लागलेली सवय लवकर जात नाही. विरोधकांचा एक मुद्दा मात्र खरा : कीटण सिमेंटमच्या खाचाखोचांत असे रुतते की थोडे सिमेंटम न घालवता ते निघतच नाही. वाद शेवटी ‘किती’ यावर आला.

आणि गेलेले सिमेंटम परत येते का? आले तर कोणते? इथे प्रकार महत्त्वाचे ठरले. १९८० च्या दशकात पेशींऐवजी तंतूंवरून वर्गवारी करण्याची पद्धत पुढे आली. हाडाला दात बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटचे तंतू मुळात जवळपास काटकोनात शिरलेले असतील तर ते बाह्य. सिमेंटम बनवणाऱ्या पेशींनीच विणलेले, मुळाला समांतर पसरलेले असतील तर ते अंतर्गत. पेशीविरहित, बाह्य तंतूंचे सिमेंटम दात धरून ठेवण्याचे मुख्य काम करते. ते वर्षाला फार तर दोन-तीन मायक्रोमीटर वाढते. पेशीयुक्त, अंतर्गत तंतूंचे सिमेंटम भराभर बनते आणि डागडुजीला येते. या दोहोंचे थर एकावर एक चढलेला मिश्र प्रकार टोकाकडे असतो. एनॅमलच्या, म्हणजे मुकुटावरच्या कठीण कवचाच्या, काठावर ना पेशी ना तंतू असलेला पातळ थरही कधी कधी दिसतो.

१९८२ मध्ये मूळ आणि हिरडी यांच्यामध्ये पडदा ठेवून माणसाच्या दातावर नवे सिमेंटम आणून दाखवले गेले. आनंद झाला, पण बारकाईने पाहता अशा उपचारांनंतर येणारे सिमेंटम बहुधा डागडुजीच्या जातीचे निघे, आणि छेदात ते डेंटिनपासून सुटलेले दिसे. ही फट खरी की छेद तयार करताना आकसल्यामुळे पडलेली, यावरही मतभेद झाले. एनॅमलच्या प्रथिनांचा लेप १९९० च्या दशकात आला तो पेशीविरहित सिमेंटम परत आणण्याच्या आशेवर. माणसांच्या छेदांत मात्र मिश्र चित्र दिसले, पेशीयुक्त सिमेंटम भरपूर.

दोन्ही प्रकार एकाच जातीच्या पेशी बनवतात का, हा प्रश्न त्यातून पुढे आला. हायपोफॉस्फटेशिया या जन्मजात आजाराची ओळख १९४८ मध्ये झाली होती. त्यात अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर (एन्झाइम) कमी पडते आणि मुलांचे दुधाचे दात न झिजलेल्या, अखंड मुळासकट गळून पडतात. १९९० च्या दशकात हेच विकर नसलेले उंदीर तयार करून त्यांच्या दाढा तपासल्या, तेव्हा मुळांवर पेशीविरहित सिमेंटमचा सलग थर नव्हता. होते ते फक्त लिगामेंटच्या तंतूंच्या बुडाशी तुरळक, पातळ ठिपके.