कीबोर्डातला ऑर्केस्ट्रा आणि ऑर्केस्ट्रातला लॅपटॉप

जत्रेच्या नाटकाला आमचा कीबोर्डवाला ‘स्ट्रिंग्ज’चं बटण दाबतो आणि मांडवात वीसेक व्हायोलिनं उठतात. त्यामुळे मेसन बेट्स या अमेरिकी संगीतकाराचं नाव काढलं, तो सिम्फनीत लॅपटॉप वाजवतो असं सांगितलं, की ठरलेलं उत्तर येतं: ‘आमचो कीबोर्डवालो तेंच करता मरे!’ नाही हो, तो नेमकं उलटं करतो. (त्यात मराठीत ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणजे सिनेमाची गाणी म्हणणारा संच, आणि इथं मात्र सिम्फनी वाजवणारा मोठा पाश्चात्त्य वाद्यवृंद. गोंधळ व्हायचाच.)

कीबोर्डात असतात ते नमुने. खऱ्या वादकाचा एकेक स्वर हळू, जोरात, लांब गजानं, तुटक, असा रेकॉर्ड करून ठेवलेला असतो. कळ दाबली की तो वाजतो. १९६३च्या मेलोट्रॉन या कळीच्या वाद्यामध्ये प्रत्येक कळीखाली टेपची पट्टी असायची, जेमतेम आठ सेकंदांची. आता पट्टीची जागा संगणकानं घेतली आणि नक्कल फार पुढे गेली. तरी मींड आली, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जायची वेळ आली, की चोरी पकडली जाते, निदान नाट्यगीतांवर वाढलेल्या कानांना. या बटणानं स्टुडिओतल्या कितीतरी व्हायोलिनवाल्यांचं काम नेलं. त्यांत गोंयकार पुष्कळ. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचेच.

बेट्सकडे वादक सगळे हाडामांसाचे. १९७७चा जन्म, सिम्फनी लिहिणारा आणि रात्री क्लबात डीजे. तो तालवाद्यांच्या रांगेत लॅपटॉप आणि ड्रम-पॅड घेऊन उभा राहतो आणि व्हायोलिनची नक्कल अजिबात करत नाही. ऑर्केस्ट्राकडे जे नाही तेवढंच तो आणतो. सॅन फ्रान्सिस्को सिम्फनी या वाद्यवृंदानं २००९ मध्ये पहिल्यांदा वाजवलेल्या ‘द बी-साइड्स’मध्ये १९६५च्या जेमिनी ४ या अमेरिकी अंतराळमोहिमेतलं, अंतराळात चालतानाचं रेडिओवरचं बोलणं आहे. भोवती तंतुवाद्यं, मध्ये तो खरखरता आवाज.

खरा फरक मला लयीत दिसतो. तबलजी घरी लेहऱ्याच्या (तबल्याला साथ म्हणून फिरत राहणाऱ्या धुनेच्या) ॲपवर रियाज करतो तेव्हा ॲप त्याच्यासाठी थांबत नाही. पेटीवाला लेहरा धरतो तेव्हा दोघं एकमेकांकडे बघतात. घरी एकट्यानं रचलेला नमुन्यांचा ऑर्केस्ट्रा पहिल्या जातीचा, घड्याळाला बांधलेला. बेट्स कंडक्टरच्या, म्हणजे समोर उभं राहून लय देणाऱ्या संचालकाच्या, हाताकडे बघून पॅडवर टिचकी मारतो. अर्थात ठेक्याचा तुकडा एकदा सुटला की तो संपेपर्यंत कंडक्टरलाही त्याच्यासोबत राहावं लागतं, म्हणजे इथंही यंत्र थोडं अडून बसतंच.

त्याच्या ‘मदरशिप’मध्ये (सिडनी, २०११) पाहुण्या वादकांना मध्येच येऊन उत्स्फूर्त वाजवायला जागा सोडलेली आहे. तिथं आमचं घुमट हे मातीचं तालवाद्यसुद्धा चालेल. घुमटवाल्याला फक्त कंडक्टरकडे बघायची सवय करावी लागेल.