विसाव्या मिनिटाची ताकद

डायनोवर, म्हणजे जागेवरच गाडीची ताकद मोजणाऱ्या रोलरच्या यंत्रावर, गाडी चढवली, पट्टे आवळले आणि चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पार दाबला, की दहा-बारा सेकंदांत पडद्यावर एक चढती रेघ उमटते. तिच्या शेंड्यावरचा आकडा मग मालकाच्या तोंडी वर्षभर असतो. खरं तर एवढ्या वेळात इंजिन जेमतेम तापायला लागलेलं असतं. ट्रॅक डेला, म्हणजे हौशी लोक आपली गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवतात त्या दिवशी, एकेक सत्र १५ ते २० मिनिटांचं असतं आणि त्यातला बराचसा वेळ पाय तळाला टेकलेला असतो. तीच गाडी तिसऱ्या लॅपला झकास पळते, सातव्या लॅपला सरळ पट्ट्यावर जड वाटायला लागते आणि दहाव्या लॅपला तापमानाचा काटा तांबड्यात जातो. म्हणून ट्रॅकसाठी इंजिन आणि टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) निवडायची वेळ आली, की मी आधी एवढंच विचारतो: विसाव्या मिनिटाला यातली किती ताकद शिल्लक असेल?

याचं उत्तर हवेच्या हिशेबात आहे. पेट्रोल इंजेक्टरमधून हवं तेवढं ओतता येतं. ते जाळण्यापुरती हवा आत घेणं हेच अवघड. २ लिटरचं चार स्ट्रोकचं इंजिन क्रँकच्या दर दोन फेऱ्यांत एकदा पोट भरून हवा घेतं. ७००० आरपीएमला (मिनिटाला ७००० फेऱ्या) ही हवा मिनिटाला साधारण ६६०० लिटर होते आणि तिचं वजन भरतं पावणेआठ किलोच्या आसपास. आता टर्बोने १ बार बूस्ट दिला, म्हणजे दाब दुप्पट केला, आणि इंटरकूलरने ती हवा ५० अंशांपर्यंत गार केली, तर तेवढ्याच जागेत साडेचौदा किलो हवा मावते. दाब दुप्पट होऊनही वजन पुरतं दुप्पट झालं नाही, कारण ही हवा बाहेरच्या हवेपेक्षा गरम आहे. साडेचौदा किलो हवेला बूस्टखाली साधारण १.२ किलो पेट्रोल लागतं, म्हणजे मिनिटाला दीड लिटरहून जास्त. त्यातून निघतात ३२० हॉर्सपॉवरच्या आसपास.

इथपर्यंतचा हिशेब सगळेच आवडीने करतात. पुढचा फारसा कुणी करत नाही. एवढ्या पेट्रोलमधली ऊर्जा ८५० किलोवॅटच्या वर जाते, आणि ३२० हॉर्सपॉवर म्हणजे फक्त २४० किलोवॅट. मग उरलेले ६०० किलोवॅट गेले कुठे? बूस्टमध्ये मिश्रण मुद्दाम दाट ठेवतात, त्यामुळे काही पेट्रोल पुरतं न जळताच बाहेर पडतं. बाकीची सगळी उष्णता. ती सायलेन्सरवाटे, रेडिएटरवाटे, ऑइलवाटे बाहेर पडलीच पाहिजे, आणि सतत पडली पाहिजे. बूस्ट वाढवला तशी ही भट्टीही वाढते. रेडिएटर मात्र कंपनीतून आला तेवढाच राहतो. टर्बोचा आकार ठरवण्याआधी गाडीच्या नाकातून हवा कुठून शिरते, रेडिएटरमागून ती कुठून बाहेर पडते आणि ऑइल कूलर कुठे बसेल हे बघावं. बॉनेट उघडून नुसतं बघत उभं राहण्यात एक दुपार गेली तरी चालेल.

सायलेन्सरवाटे फुकट जाणाऱ्या या उष्णतेतून काही काम करून घ्यावं, हे स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याला १९०५ मध्येच सुचलं होतं आणि त्याने पेटंटही घेतलं. कल्पना आजही तीच आहे. बाहेर पडणारा जळका वायू एक चक्र (टर्बाइन) फिरवतो, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेलं चक्र (कॉम्प्रेसर) ताजी हवा दाबतं. वेग मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या वर. एका बाजूला ९०० अंशांचा वायू, वीतभर अंतरावर दुसऱ्या बाजूला हवेचं तोंड, आणि मधल्या दांड्याला सांभाळायला ऑइलचा केसाहून पातळ थर.

हवा दाबली की ती तापते. सायकलच्या पंपाचं बूड हाताला चटका देतं ते त्यामुळेच. बाहेर २७ अंश असताना दाब दुप्पट केला, तर ७५ टक्के कार्यक्षमतेचा कॉम्प्रेसर हवा ११५ अंशांना सोडतो. तोच कॉम्प्रेसर ६० टक्क्यांवर चालत असेल तर १३७. बूस्टचा काटा दोन्ही वेळा १ बारच दाखवतो, पण दुसऱ्या वेळी इंटरकूलरवर २२ अंशांचा जास्तीचा बोजा पडतो आणि तो दर लॅपला साचत जातो. सातव्या लॅपला गाडी जड वाटते त्याचं एक कारण हे.

टर्बो बनवणारे प्रत्येक कॉम्प्रेसरचा एक नकाशा देतात. दिसायला तो डोंगराच्या समोच्च रेषांसारखा. आडव्या अक्षावर हवेचा प्रवाह, उभ्यावर दाबाचं गुणोत्तर, आणि मधोमध कार्यक्षमतेचं बेट. डाव्या कडेपलीकडे सर्ज: हवा मागे उलटते आणि कॉम्प्रेसर धडधडतो. उजव्या कडेपलीकडे चोक: चक्र नुसतंच फिरतं, हवा वाढत नाही. आपल्या इंजिनाचे ४०००, ५५०० आणि ७००० आरपीएमचे बिंदू पेन्सिलीने या नकाशावर मांडावेत. तिन्ही बेटावर किंवा त्याच्या किनाऱ्याशी पडले तर टर्बो आपला. फक्त शेवटचा बिंदू पडत असेल तर तो टर्बो डायनोसाठी आहे.

‘थोडा मोठाच घेऊ, पुढे कामाला येईल’ हा मोह मात्र महागात पडतो. एकाच घडणीचं चक्र मोठं केलं तर त्याचं वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, आणि फिरण्याला होणारा विरोध, म्हणजे जडत्व, व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात. चक्र २० टक्के मोठं, तर जडत्व जवळपास अडीचपट. वळणाच्या मध्यावर तुम्ही ॲक्सिलरेटर हळूच उघडता, काही घडत नाही. आणखी उघडता, तरी नाही. आणि वळण संपता संपता सगळा टॉर्क (चाकं फिरवणारा पीळ) एकदम मागच्या टायरांवर कोसळतो. सरळ रेषेत हे गमतीचं वाटतं, वळणात गाडी गर्रकन फिरते. चार सिलिंडरच्या इंजिनात १ व ४ आणि २ व ३ यांचे वायू वेगळ्या वाटांनी टर्बाइनपर्यंत नेणारी ट्विन स्क्रोल रचना इथे बरीच मदत करते. जागा असेल तर तीच घ्यावी. पण पहिल्या वर्षी ट्रॅकवर उतरणाऱ्याने टर्बोच घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पाय आणि टायर यांच्यामध्ये उशीर नसेल तेव्हाच वळण शिकता येतं.

उष्णतेचा दुसरा फटका सिलिंडरच्या आत बसतो. ठिणगीने पेटवलेली ज्वाला पसरत असताना कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबाने आणि तापाने आपोआप भडकलं, की नॉकिंग होतं. धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो, आणि तो चालू राहिला तर पिस्टनच्या कडा कुरतडल्या जातात. अमेरिकेत १९६२ मध्ये बाजारात आलेल्या ओल्ड्समोबाइल जेटफायरमध्ये टर्बो होता आणि कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन मिश्रण किती पट आकसवतो ते गुणोत्तर) होता १०.२५, त्या काळच्या टर्बो इंजिनाला हे फारच. त्यावर उपाय म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण इंजिनात फवारायची सोय केली होती. त्याची टाकी मालकाने भरायची. ती रिकामी झाली की बूस्ट आपोआप कमी व्हायचा. मालक ती भरायला विसरत. आजही तोच तिढा आहे, फक्त इंधन आणि संगणक सुधारलेत. इथेनॉलचं प्रमाण जास्त असलेलं इंधन बाष्प होताना पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता शोषतं, म्हणून ते नॉकिंगला दाद देत नाही; पण ते जास्त लागतं, तेव्हा इंजेक्टर आणि पंपही मोठे हवेत.

आता इंजिन कोणतं? होंडाच्या के मालिकेतलीच दोन घेऊ. के२० चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची धाव, ८६ मिलिमीटर, के२४ चा ९९. मोठ्याला टॉर्क जास्त, म्हणून बहुतेकांचा ओढा तिकडे. पण ८००० आरपीएमला के२० मध्ये पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २३ मीटर असतो, के२४ मध्ये २६ च्या वर. के२४ मध्ये वरच्या टोकाला पिस्टन थांबून उलटा फिरतो त्या क्षणी त्याच्यावरचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या साडेचार हजार पटींहून जास्त. साडेतीनशे ग्रॅमचा पिस्टन त्या क्षणी कनेक्टिंग रॉडला दीड टनाने ओढतो. ही ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढते, बूस्टने वाढत नाही. बूस्ट रॉडला दाबतो, आरपीएम रॉडला ताणतो, आणि रॉडचे बोल्ट ताणाने तुटतात. म्हणून टर्बो लावलेलं लांब स्ट्रोकचं इंजिन ७००० ला थांबवलं तरी काही बिघडत नाही. टॉर्क तर खालीच मिळतोय. उलट टोयोटाचं २जेझेड तीन लिटरचं, लोखंडी ब्लॉकचं, बूस्ट सोसण्यात पक्कं. पण ते सगळं वजन हलक्या गाडीच्या नाकात बसवलं, की वळणात तोंड आत वळायला नकार देतं.

फोर्ज्ड (ठोकून घडवलेले, जास्त मजबूत) पिस्टन, फोर्ज्ड रॉड यांवर खर्च करायला कुणाची ना नसते. त्याआधी चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं ते भांडं, बघा. वळणात बाजूला १ जीचा (गुरुत्वाकर्षणाइतका) जोर आला, की ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. चांगल्या टायरांवर हे सहज होतं आणि लांब वळणात काही सेकंद टिकतं. सगळं ऑइल चेंबरच्या एका भिंतीवर चढतं, पिकअपचं (ऑइल ओढणाऱ्या नळीचं) तोंड उघडं पडतं आणि पंप हवा ओढायला लागतो. प्रेशरचा काटा क्षणभर पडतो, वळण संपताच परत चढतो. ड्रायव्हरचं लक्ष तेव्हा रस्त्यावर. असं काही दिवस चाललेल्या इंजिनाचा ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात धरला, तर घड्यांमध्ये बारीक चमकी दिसते. बेअरिंगची वाटी उघडली, तर राखाडी थर झिजून खालचं तांबं डोकावत असतं. अशा इंजिनात पिस्टन फोर्ज्ड आहेत की नाहीत, याला काही अर्थ उरत नाही. चेंबरमध्ये आडपडदे आणि झडपा बसवणं हा स्वस्तातला इलाज. जास्त ग्रिपच्या गाडीला ड्राय संप, म्हणजे ऑइल चेंबरऐवजी वेगळ्या टाकीत ठेवणारी रचना. आणि प्रेशर ठरावीक मर्यादेखाली गेलं की इंजिन स्वतःच बंद करणारी सूचना ईसीयूमध्ये (इंजिनाच्या संगणकात).

सत्राच्या शेवटी झेंडा दिसला, की एक पूर्ण लॅप बूस्टला हात न लावता, वरच्या गिअरमध्ये, हवा खात काढायचा. टर्बाइनचं घर या वेळी लालबुंद असतं. इंजिन तिथल्या तिथे बंद केलं, तर मधल्या बेअरिंगमधलं ऑइल जागीच करपतं आणि त्याचा काळा कोळसा वाटा बुजवतो. पिटमध्ये आल्यावर दोन मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, बॉनेट उघडायचं, हँडब्रेक ओढायचा नाही, आणि पाण्याचा व ऑइलचा काटा किती होता तो वहीत लिहायचा. पुढच्या टर्बोचा विचार करायचा तो ती वही समोर ठेवून.